दिव्यांग सेवांच्या दरमर्यादांचा आढावा कसा घ्यावा : ठाणे आणि नवी मुंबईतील पालक व संस्थांसाठी मार्गदर्शक

दिव्यांग व्यक्तीला थेरपी, मदतनीस, दिवसभराची देखभाल किंवा सहायक साधन यांसाठी सरकारी पैसा मिळतो, तेव्हा त्या पैशाला कुठेतरी कमाल मर्यादा घातलेली असते. ती ठरवताना जो हिशेब केला गेला असेल, तो काळाबरोबर जुना होत जातो. भाडे, रिक्षाचे दर आणि किमान वेतन वाढत राहते, पण मर्यादेचा आकडा शासन निर्णयात तसाच छापलेला राहतो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. त्या दरात काम करायला कुणी तयार होत नाही, किंवा काम होते पण फरकाची रक्कम कुटुंबाकडून ‘वरचे पैसे’ म्हणून घेतली जाते, आणि ती कुठल्याही पावतीत दिसत नाही.

‘दर फार कमी आहे, वाढवा’ अशी निवेदने कार्यालयांत भरपूर येतात. त्यावर निर्णय होत नाही, याचे मुख्य कारण माझ्या मते अनास्था हे नसून त्या निवेदनांत निर्णयाला लागणारी सामग्री नसते, हे आहे. किती वाढवा, कशाच्या आधारावर वाढवा, आणि त्यासाठी पैसा कुठून येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय टेबलावरची फाइल पुढे सरकत नाही. ही उत्तरे पालक संघटना किंवा छोटी संस्था स्वतः कशी तयार करू शकते, ते इथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : मर्यादा कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

चार वेगवेगळ्या गोष्टींना बोलताना सरसकट ‘मर्यादा’ म्हटले जाते आणि तिथेच आढावा भरकटतो. पहिली म्हणजे सेवेच्या एका एककाचा कमाल दर, उदाहरणार्थ एका सेशनमागे मिळणारी रक्कम. दुसरी म्हणजे एका लाभार्थ्यावर वर्षभरात होऊ शकणाऱ्या खर्चाची मर्यादा. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत १ लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण असते आणि त्याच्या आत बाह्यरुग्ण उपचार, थेरपी वगैरे बाबींना स्वतंत्र उपमर्यादा असतात, ती या प्रकारची. तिसरी म्हणजे संस्थेला मिळणाऱ्या अनुदानातील मानधनाचे ठरावीक दर. केंद्र सरकारच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत विशेष शिक्षक, काळजीवाहक इत्यादींचे मानधन असे ठरवून दिलेले असते. चौथी म्हणजे पात्रतेची उत्पन्नमर्यादा, जिचा सेवेच्या किमतीशी थेट संबंध नसतो, पण ती जुनी राहिली तर गरजू कुटुंब योजनेबाहेर पडते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारखे मासिक अर्थसाहाय्य या चारही प्रकारांत बसत नाही, कारण ते पैसे कशावर खर्च करायचे ते कुटुंब ठरवते. त्याचा आढावा वेगळ्या कसोट्यांवर घ्यावा लागतो. एकाच निवेदनात अर्थसाहाय्य आणि सेवेचा दर या दोन्हींची मागणी केली, तर दोन वेगळ्या टेबलांवर जाणारा विषय एका कागदात अडकतो आणि बहुधा दोन्हीकडे मागे पडतो.

दुसरी पायरी : निर्णय कोणाचा, आणि मूळ कागद कोणता

आपल्या भागात हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. खारघर आणि कामोठे यांना सगळेजण नवी मुंबईच म्हणतात, पण ते पनवेल महानगरपालिकेच्या आणि रायगड जिल्ह्याच्या हद्दीत येतात. ऐरोली, वाशी, बेलापूर हे नवी मुंबई महानगरपालिकेत येतात आणि जिल्हा मात्र ठाणे. दिवा आणि मुंब्रा ठाणे महानगरपालिकेत मोडतात. महानगरपालिकांना स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावा लागतो आणि त्यातून कोणत्या योजना राबवायच्या, किती रक्कम द्यायची, हे त्या त्या महापालिकेच्या पातळीवर ठरते. त्यामुळे खारघरच्या कुटुंबाच्या पावत्या घेऊन बेलापूरच्या मुख्यालयात गेल्यास ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर मिळेल, आणि ते बरोबरच असेल.

महापालिकेच्या योजनांसाठी समाजविकास विभाग, राज्याच्या योजनांसाठी दिव्यांग कल्याण विभाग आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय, केंद्राच्या योजनांसाठी दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग किंवा राष्ट्रीय न्यास, अशी ढोबळ विभागणी मनाशी धरावी. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आणि वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. दर ठरवणे त्यांच्या हातात नाही, तरी सेशनचा योग्य कालावधी किती, कोणत्या पात्रतेची व्यक्ती लागते, अशा तांत्रिक बाबींवर त्यांचे मत पुराव्यादाखल जोडता येते.

मूळ कागद शोधताना शासन निर्णय तारखेने शोधू नका, सांकेतांकाने (निर्णयावर छापलेल्या संगणकीय क्रमांकाने) शोधा, आणि निर्णय हाती आला की आधी वरचा ‘वाचा’ हा भाग पाहा. तिथे त्या विषयावरचे आधीचे निर्णय क्रमाने दिलेले असतात. एकेक मागे जात राहिले की आजचा दर प्रथम कधी ठरला, मधे किती वेळा सुधारला आणि कोणत्या सुधारणेत त्याला हात लावलाच नाही, हा सगळा इतिहास सापडतो. शेवटच्या परिच्छेदांत बहुधा लेखाशीर्ष (अंदाजपत्रकात हा खर्च ज्या शीर्षाखाली दाखवतात ते) असते, तेही टिपून ठेवा, कारण निधीच्या पायरीवर त्याची गरज लागेल. महापालिकेच्या योजनेबाबत सर्वसाधारण सभेचा किंवा प्रशासकांचा ठराव आणि योजनेच्या अटी-शर्ती मागाव्यात. त्या सहज न मिळाल्यास १० रुपये शुल्काचा माहिती अधिकार अर्ज करावा आणि त्यात ‘हा दर ठरवताना वापरलेले दरपृथक्करण व टिप्पणीची प्रत’ असे नेमके मागावे. दरपृथक्करण म्हणजे तो दर कोणकोणत्या खर्चांतून बनला याची फोड. तसे पृथक्करण केलेलेच नाही, असे लेखी उत्तर आले तर तेही जपून ठेवा, कारण पुढे मागणीचा पहिला मुद्दा तोच होतो.

तिसरी पायरी : एकक एकसारखे करून घ्या

ठाण्यातल्या एका पालक बैठकीत एका आईने वर्षभराच्या पावत्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. बहुतेक पावत्यांवर ‘थेरपी चार्जेस’ एवढेच लिहिलेले होते. हिशेब लिहून घेणाऱ्या कार्यकर्तीने विचारले, “ताई, हे ओटीचे (ऑक्युपेशनल थेरपीचे) की स्पीचचे?” त्यावर त्या म्हणाल्या, “दोन्हीचे एकत्र. आणि अहो, सेशन पाऊण तासाचा म्हणतात, पण शेवटची दहा मिनिटं मला घरी काय करून घ्यायचं ते सांगण्यातच जातात.” या दोन वाक्यांत आढाव्याच्या निम्म्या अडचणी आल्या.

सेशन कुठे ३० मिनिटांचा असतो, कुठे ४५, कुठे तासाचा. पाऊण तासाला ६०० रुपये आणि तासाला ७०० रुपये यांत स्वस्त कोणता, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. पहिला दर ताशी ८०० रुपये पडतो, म्हणजे दिसायला कमी असलेला दरच प्रत्यक्षात महाग आहे. म्हणून प्रत्येक दर ताशी करून घ्यावा आणि त्याच्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात : सेवा घरी की केंद्रात, एकास एक की गटात, देणाऱ्याची पात्रता काय, आणि पालकांच्या मार्गदर्शनाचा वेळ त्यात धरला आहे की नाही. पात्रतेच्या रकान्यात थोडी काळजी घ्यावी लागते. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या परिषदेत येत नाहीत, त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. सगळ्यांकडे एकाच परिषदेचा नोंदणी क्रमांक मागणारा तक्ता भरून येत नाही आणि आला तरी तपासणीत टिकत नाही.

मदतनिसांच्या बाबतीत एकक म्हणजे ‘ड्यूटी’. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणारी मावशी किंवा वॉर्डबॉय बारा तासांच्या डे ड्यूटीवर किंवा नाइट ड्यूटीवर असतात, आणि कुटुंब देते त्या रकमेतला एक भाग ब्युरोचे कमिशन म्हणून कापला जातो. कुटुंबाने दिलेली रक्कम आणि मदतनिसाच्या हाती पडलेली रक्कम असे दोन रकाने ठेवल्याशिवाय या बाजाराचे चित्र खरे उतरत नाही.

चौथी पायरी : प्रत्यक्ष सेवेच्या तासाचा खर्च काढा

सगळ्या आढाव्याचा कणा ही पायरी आहे, आणि सर्वांत जास्त घाई इथेच होते. पगाराला महिन्याच्या तासांनी भागले की दर निघतो, अशी समजूत कार्यालयातही असते आणि संस्थांतही. ती चुकीची का आहे, हे आकड्यांनीच पाहू. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, तिथे आपापले आकडे घालावेत.

घरोघरी जाणाऱ्या एका प्रशिक्षित मदतनिसाला महिना १८,००० रुपये पगार आहे असे धरू. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे ८ तास धरले तर ताशी साधारण ८७ रुपये येतात. आता नियोक्त्याचा खर्च पाहू. भविष्य निर्वाह निधी प्रशासकीय आकारासह पूर्ण पगारावर १३ टक्के धरला तर २,३४० रुपये, कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये, आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद ४.८१ टक्के म्हणजे ८६६ रुपये. महिन्याचा खर्च २१,७९१ रुपये होतो आणि वर्षाचा २,६१,४९२ रुपये. बोनसचा कायदा धर्मादाय संस्थेला लागू होतो की नाही हे आपल्या लेखापालाला विचारून घ्यावे, इथे तो धरलेला नाही.

मग तासांकडे वळू. रविवार वगळता वर्षात ३१३ दिवस राहतात. त्यातून सणांच्या सुट्ट्या १२, रजा २१ आणि प्रशिक्षणाचे ६ दिवस वजा केले की २७४ दिवस उरतात. रोजच्या ८ तासांपैकी प्रत्यक्ष लाभार्थ्यासोबत किती जातात? कासारवडवलीचे एक घर, नंतर कळव्यातले एक आणि शेवटी दिव्यातले, अशी तीन घरे घेतली तर घोडबंदर रोडवरची संध्याकाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना प्रवासाचे दोन तास जास्त वाटणार नाहीत. नोंदवही लिहिण्यात अर्धा तास जातो. मूल आजारी पडले, पाहुणे आले, दार बंद होते, अशा कारणांनी सरासरी अर्धा तास वाया जातो. प्रत्यक्ष सेवेचे उरतात ५ तास, म्हणजे वर्षाला १,३७० तास. २,६१,४९२ रुपयांना १,३७० ने भागले की ताशी १९१ रुपये येतात. आपण ८७ पासून सुरुवात केली होती.

यात अजून देखरेख यायची आहे. दहा मदतनिसांमागे एक पर्यवेक्षक आणि त्याचा एकूण खर्च महिना ३५,००० रुपये धरला तर तासामागे ३१ रुपये वाढतात. रोजचे १०० रुपये प्रवासभाडे धरले तर आणखी २० रुपये. झाले २४२. कार्यालयाचे भाडे, हिशेब, फोन, विमा यांसाठी १२ टक्के, म्हणजे २९ रुपये, आणि अडीअडचणीसाठी २ टक्के, म्हणजे ५ रुपये. प्रत्यक्ष सेवेचा तास २७६ रुपयांना पडतो.

हाच मदतनीस केंद्रात बसून काम करू लागला तर प्रवास जातो, प्रत्यक्ष सेवेचे तास रोज साडेसहापर्यंत वाढू शकतात, आणि याच पद्धतीने हिशेब केला तर तासाचा खर्च साधारण १९५ रुपयांवर येतो. केंद्राच्या जागेचा आणि विजेचा खर्च त्यात वेगळा मिळवावा लागेल, तरीही तफावत ठळक राहते. घर आणि केंद्र यांना एकच दर लावला की घरी जाणारी सेवा आपोआप बंद पडते, आणि ज्यांना घराबाहेर पडणे सर्वांत कठीण आहे तेच सेवेवाचून राहतात. आढाव्यात एकच मागणी मान्य होणार असेल, तर दर वाढवण्यापेक्षा हे दोन दर वेगळे करण्याची मागणी मी आधी ठेवेन.

अशा प्रकारे पायापासून दर बांधण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय पातळीवर वापरली जाते. तिथल्या राष्ट्रीय दिव्यांगता विमा योजनेत दरमर्यादांचा दरवर्षी आढावा होतो आणि नवे दर साधारणपणे १ जुलैपासून लागू होतात. मदतनिसाच्या दराचे प्रारूप वेतनापासून सुरू होते आणि त्यात रजा, देखरेख, वाया जाणारा वेळ, वरखर्च आणि अल्प नफा यांची एकेक भर पडत जाते. दिवस, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टी यांचे दर वेगळे असतात. दुर्गम भागाला ४० टक्के आणि अतिदुर्गम भागाला ५० टक्के वाढीव दर मिळतो. तिथले आकडे इथे आणण्याला अर्थ नाही, पण प्रत्येक घटक उघडा मांडल्यामुळे ‘प्रवासाचा वेळ कमी धरला आहे’ असा नेमका आक्षेप घेता येतो, हा गुण घेण्यासारखा आहे. आणि दरवर्षी आढावा म्हणजे दरवर्षी वाढ, असेही तिथे नाही : अनेक थेरपींची ताशी १९३.९९ डॉलरची मर्यादा २०१९ पासून कित्येक वर्षे हललीच नाही, आणि त्यावर तिथले थेरपिस्ट सतत नाराज होते.

एक प्रश्न हमखास विचारला जातो. संस्था छोटी आहे, तिला भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा लागूच होत नाही, मग तो खर्च का धरायचा? वीसपेक्षा कमी कर्मचारी असल्यास पहिला आणि दहापेक्षा कमी असल्यास दुसरा सहसा लागू होत नाही, हे खरे आहे. तरीही मर्यादा ठरवताना तो धरावा, कारण सरकारी पैशाचा दर कामगाराला संरक्षण नाकारूनच परवडत असेल, तर तो दर योग्य म्हणता येणार नाही.

पाचवी पायरी : महापालिकेचा स्वतःचा हिशेब पुरावा म्हणून वापरा

महानगरपालिका मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदा काढतात. सफाई, सुरक्षा, रुग्णालयातले कक्षसेवक, अशा कामांसाठी तिथे किमान वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा आणि ठेकेदाराचे सेवाशुल्क असा तपशीलवार तक्ता असतो. किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सुधारला जातो आणि त्यानुसार ठेकेदाराची देयकेही वाढतात. म्हणजे वाढत्या खर्चाप्रमाणे दर वाढवण्याची पद्धत त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रोजच्या वापरात असते. तोच तक्ता आपल्या हिशेबाशेजारी ठेवावा. बाहेरून आणलेल्या कुठल्याही अहवालापेक्षा लेखा विभागाला हा कागद लवकर पटतो.

सहावी पायरी : महागाईची पडताळणी

खर्चाचा हिशेब करणे शक्य नसेल, किंवा केलेला हिशेब पडताळून पाहायचा असेल, तर औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा. श्रम ब्युरो तो दरमहा जाहीर करते आणि २०१६ पायाभूत वर्षाच्या मालिकेत ठाणे हे स्वतंत्र केंद्र आहे, त्यामुळे मुंबईचा आकडा उसना घेण्याची गरज नाही. सूत्र सोपे आहे : जुना दर गुणिले आजचा निर्देशांक, भागिले दर ठरला त्या महिन्याचा निर्देशांक. दर २०२० च्या आधीचा असेल तर निर्देशांक २००१ च्या जुन्या मालिकेत असण्याचा संभव आहे. अखिल भारतीय आकड्यांसाठी दोन्ही मालिकांना जोडणारा गुणक २.८८ आहे; जुना आकडा त्याने भागला की नव्या मालिकेतला आकडा मिळतो.

उदाहरणार्थ, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतील केंद्राचा वाटा २०१२ मध्ये महिना ३०० रुपये झाला आणि १८ ते ७९ वयोगटासाठी तो तेवढाच राहिला. ऑक्टोबर २०१२ चा अखिल भारतीय निर्देशांक जुन्या मालिकेत २१७ होता, तो नव्या मालिकेत सुमारे ७५.३ होतो. सप्टेंबर २०२५ चा निर्देशांक १४७.३ होता. या हिशेबाने ३०० रुपयांची क्रयशक्ती टिकवायला साधारण ५८७ रुपये लागले असते. हे अर्थसाहाय्याचे उदाहरण असले, तरी सेवेच्या दरालाही गणित हेच लागते. मात्र निर्देशांकाने फक्त जुनी किंमत टिकते. मुळात दर कमी ठरला असेल तर तो कमीच राहतो, म्हणून ही पायरी चौथ्या पायरीची जागा घेऊ शकत नाही.

सातवी पायरी : बाजारातले दर आणि नकार दोन्ही मोजा

पंधरा ते वीस ठिकाणचे दर पुरेसे असतात, पण ते एकाच भागातले नसावेत. नौपाड्यातला दर आणि दिव्यातला दर, वाशीतला आणि दिघ्यातला, असे जोडीने घ्यावेत. सरासरीऐवजी मधला आकडा (सगळे दर चढत्या क्रमाने लावल्यावर मध्यावर येणारा) घ्यावा, कारण एखाद्या महागड्या क्लिनिकमुळे सरासरी फुगते आणि मग सगळ्याच तक्त्यावर शंका घेतली जाते. प्रत्येक दरापुढे पावती, दरपत्रक की तोंडी माहिती, हे लिहावे. तक्त्यात क्लिनिकची नावे न देता क्रमांक द्यावेत, म्हणजे माहिती देणारे मोकळेपणाने बोलतात.

दरांहून बोलका पुरावा नकारांचा असतो. मंजूर दरात किती ठिकाणी विचारले, किती जणांनी नाही म्हटले, किती जणांनी हो म्हणून वरचे पैसे मागितले आणि किती महिने थांबायला सांगितले, याची साधी वही तीन-चार महिने ठेवावी. मर्यादा योग्य असूनही सेवा मिळत नसेल तर अडचण थेरपिस्टांच्या संख्येत आहे आणि दर वाढवून ती सुटणार नाही, हेही याच वहीतून कळते. निरामयसारख्या योजनेत खर्च आधी करून नंतर परतावा मिळतो, त्यामुळे मर्यादा शिल्लक राहिली म्हणजे गरज नव्हती, असा अर्थ काढला जाऊ नये. खिशात आधी पैसे नव्हते म्हणून सेवाच घेतली नाही, अशी कुटुंबे वेगळ्या रकान्यात नोंदवावीत.

माहिती गोळा करण्याची बैठक स्टेशनजवळ, लिफ्ट आणि व्हीलचेअरला चालेल असे स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी घ्यावी आणि कर्णबधिर सदस्यांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवावा.

आठवी पायरी : कायद्याची कसोटी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ नुसार दिव्यांगांना सामाजिक सुरक्षेच्या योजनांत मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असले पाहिजे. ही कसोटी लावायला सोपी आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. संजय गांधी योजनेत सर्वांनाच १,५०० रुपये मिळत होते, तेव्हा दिव्यांगांसाठी या कलमाप्रमाणे किमान १,८७५ रुपये व्हायला हवे होते. राज्याने ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २,५०० रुपये केल्यावर ती कसोटी पूर्ण झाली. आपल्या महापालिकेच्या योजनांत ज्येष्ठ नागरिक, महिला किंवा इतर घटकांसाठी तशीच योजना असेल, तर दोन्हींची रक्कम शेजारी मांडून पाहावी. त्याच कलमात जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. मात्र हे सर्व ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे म्हटलेले असल्यामुळे पुढची पायरी टाळता येत नाही.

नववी पायरी : निधीवर काय परिणाम होईल ते तुम्हीच सांगा

समजा एखाद्या योजनेला १ कोटी रुपये आहेत आणि प्रत्येक कुटुंबाला वर्षाला २०,००० रुपये मिळतात, तर ५०० कुटुंबांना लाभ होतो. मर्यादा २६,००० केली आणि निधी तेवढाच राहिला, तर ३८४ कुटुंबे बसतात. उरलेली ११६ कुटुंबे कोणती, याचे उत्तर निवेदनात नसेल तर ते अधिकाऱ्याला द्यावे लागेल, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘सध्याचा दर कायम ठेवावा’ असेच असेल. म्हणून आधीच्या तीन वर्षांची तरतूद, खर्च आणि अखर्चित रक्कम लेखाशीर्षानुसार मागवून घ्यावी. निधी दरवर्षी अखर्चित राहत असेल, तर दरवाढीला नव्या पैशाची गरजच नाही हे आकड्यांनी दाखवता येते. पूर्ण खर्च होत असेल, तर दोन टप्प्यांत वाढ, आधी फक्त घरपोच सेवेला वाढ, किंवा जास्त आधार लागणाऱ्यांना आधी वाढ, असे पर्याय त्यांच्या खर्चासह मांडावेत.

मर्यादा वाढली की बाजारातला भावही तिथपर्यंत चढतो, ही अधिकाऱ्यांची शंका खोटी नाही. मर्यादा हाच किमान भाव होऊन बसतो, हे आपणही पाहतो. म्हणून वाढीसोबत अटी सुचवाव्यात : पावतीवर मिनिटे आणि सेवेचा प्रकार लिहिणे बंधनकारक असावे, वरचे पैसे घेण्यास स्पष्ट मनाई असावी, आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे.

दहावी पायरी : प्रस्ताव आणि त्याची वेळ

प्रस्ताव दोन पानांचा असावा, बाकी सगळे परिशिष्टात जावे. पहिल्याच परिच्छेदात ‘अमुक दिनांकाच्या निर्णयातील अमुक परिच्छेदात अमुक रकमेऐवजी अमुक रक्कम वाचावी’ अशा स्वरूपात मागणी लिहावी, म्हणजे टिप्पणी तयार करणाऱ्या लिपिकाला ती तशीच उचलता येते. दुसरी मागणी म्हणून दरवर्षी १ एप्रिलला ठाणे केंद्राच्या निर्देशांकानुसार दर सुधारण्याचे कलम घालावे. ते मान्य झाले तर हा सगळा खटाटोप दरवर्षी करावा लागणार नाही.

महापालिकेचे अंदाजपत्रक बहुधा फेब्रुवारीत मांडले जाते आणि विभागांचे प्रस्ताव त्याआधी काही महिने तयार होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिलेल्या कागदाला त्यात जागा मिळू शकते, मार्चमध्ये दिलेला कागद पुढच्या वर्षाची वाट पाहतो. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. माहिती अधिकाराला ३० दिवसांत उत्तर आले नाही तर त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे. मूळ मागणीवर काहीच हालचाल होत नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. कायद्याने त्यांना शिफारशी करण्याचा अधिकार आहे, पण कलम २४ ची तुलना आणि तासाचा हिशेब सोबत नसेल तर तिथेही केवळ पत्र पुढे पाठवले जाते.

सुधारित दर मंजूर झाल्यावर निर्णयातील अंमलाची तारीख लगेच तपासावी. दर ‘सेवेच्या तारखेपासून’ लागू आहे की ‘देयक सादर केल्याच्या तारखेपासून’, हे स्पष्ट नसेल तर ते लेखी विचारून घ्यावे, आणि तोपर्यंत मार्चअखेरची प्रलंबित देयके जुन्या आणि नव्या दराने वेगवेगळी काढून ठेवावीत. दोन्ही दर एकाच देयकात मिसळले, तर लेखापरीक्षणात संपूर्ण देयक परत येते.